नमस्कार न करणारी गाडी

सिग्नल लाल होताना चौकात बाजूला उभं राहून गाड्यांकडे कधी नीट पाहिलंय? समोरून नाही, बाजूने. प्रत्येक गाडी थांबताना नाक खाली घालते, क्षणभर तशीच वाकून राहते आणि पूर्ण थांबली की मागे डुलून सरळ होते. हिरवा झाला की उलटं: नाक वर, मागचं बूड खाली. म्हणजे येताना नमस्कार, जाताना नमस्कार. जुनी टॅक्सी अगदी कमरेतून वाकते, महागडी जर्मन गाडी नुसती मान तुकवते, पण करतात सगळ्याच.

मी इंजिनिअरिंगला मेकॅनिकल घेतलं आणि मग हजारो लोकांसारखा सॉफ्टवेअरमध्ये आलो. त्यामुळे गाड्यांशी माझा संबंध आता हप्ता भरण्यापुरता आणि शनिवार-रविवारी वाचण्यापुरता उरला आहे. पण हा नमस्कार काही दिवस डोक्यातून जात नव्हता. तो बंद नाही का करता येणार? वाचत गेलो तेव्हा कळलं, येतो की! एकही जादा पार्ट न लावता, फक्त सस्पेन्शनच्या दांड्यांचे कोन बदलून येतो. १९७० मध्ये एका शर्यतीच्या गाडीत तसा मोठा घाटही घातला गेला होता. आणि पहिल्या शर्यतीनंतर दोन महिने व्हायच्या आत तो गुपचूप मोडावा लागला. ही त्या गाडीची गोष्ट. पण ती नीट कळायला आधी थोडं मागे जावं लागेल.

१९२ किलो जातात कुठे?

सुरुवातीला जरा गणित. घाबरू नका, बारावीच्या पुढचं नाही.

ब्रेक लावल्यावर गाडीला थांबवणारं बल लागतं ते टायर रस्त्याला टेकतात तिथे, म्हणजे अगदी जमिनीच्या पातळीवर. पण गाडीचा गुरुत्वमध्य असतो त्याच्या बराच वर. पळणाऱ्या माणसाचे कोणी पाय धरावेत आणि वरचं अंग पुढे जावं, तशी ही अवस्था. त्यामुळे पुढच्या चाकांवरचं वजन वाढतं आणि मागच्या चाकांवरचं तेवढंच कमी होतं.

समजा गाडी १२०० किलोची आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर आहे, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर आहे आणि आपण चांगला करकचून ब्रेक मारला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ८० टक्के इतकं मंदन. १२०० गुणिले ०.८, गुणिले ०.५, भागिले २.५. उत्तर १९२ किलो. एवढं वजन मागून पुढे सरकलं. पुढच्या प्रत्येक चाकाची स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायला २० किलो लागत असतील, तर दोन्ही मिळून ४०. म्हणजे गाडीचं नाक ४.८ सेंटिमीटर, जवळजवळ दोन इंच खाली जाणार. हाच तो नमस्कार.

आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की या गणितात स्प्रिंग फक्त शेवटी आली. १९२ हा आकडा काढताना ती कुठेच नव्हती. स्प्रिंग मऊ करा, कडक करा, नाहीतर काढून टाकून तिथे लोखंडी सळई ठोका, पुढच्या चाकांवर १९२ किलो जास्त येणार म्हणजे येणारच. ते कमी करायचे तर गाडी बुटकी करा, लांब करा, हलकी करा, नाहीतर ब्रेक हळू लावा. सस्पेन्शनच्या हातात फक्त एवढंच असतं की हे वजन चाकापर्यंत कुठल्या वाटेने न्यायचं. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मऊ स्प्रिंगची किंमत

अगदी सुरुवातीच्या मोटारींना हा प्रश्न फारसा छळत नव्हता. त्यांच्या पाट्यांच्या स्प्रिंगा बऱ्यापैकी कडक होत्या आणि ब्रेकही यथातथाच. गाडी वाकायची कमी, हाडं खिळखिळी करायची जास्त.

हे बदललं त्यात मॉरिस ओली या ब्रिटिश इंजिनिअरचा मोठा हात आहे. रोल्स-रॉइसमधून तो १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे, म्हणजे जनरल मोटर्सकडे गेला. तिथे त्याने एक मोठी लिमोझिन घेतली आणि तिला पुढे आणि मागे सरकवता येणारी वजनं लावली. वजनं हलवायची, स्प्रिंगा बदलायच्या, गाडीत बसून चक्कर मारायची आणि बसणाऱ्याला काय वाटतं ते पाहायचं. त्यातून ओलीला कळलं की माणसाला सगळ्यात जास्त त्रास गाडी वर-खाली होण्याचा नसतो, तर होडीसारखी पुढे-मागे डुलण्याचा असतो. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग थोड्या वेळाने मागच्या. मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा जरा भरभर झुलत असेल तर ती उशिरा सुरू होऊनही पुढच्या बाजूला गाठते आणि दोन्ही एकत्र वर-खाली होतात. डुलणं थांबतं.

म्हणजे करायचं काय? पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ ठेवायची. पण आडव्या सलग आसावर मऊ स्प्रिंग लावली तर पुढची चाकं थरथरायला लागत. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आलं, आणि १९३४ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत ते दिसू लागलं. आज आपल्याला गाडीत डुलकी लागते त्याचं बरंचसं श्रेय या कामाला आहे.

पण वरचं गणित आठवा. स्प्रिंग निम्मी मऊ केली की नमस्कार दुप्पट. रस्त्यावरची डुगडुग गेली आणि ब्रेकची वाढली. पुढच्या वीस वर्षांत अमेरिकन गाड्या जड झाल्या, वेग वाढला आणि सिग्नलला त्या अक्षरशः दंडवत घालू लागल्या. १९५५ च्या शेवरलेच्या जाहिरातींमध्ये इतर गोष्टींबरोबर 'अँटी-डाइव्ह' ब्रेकिंगचीही फुशारकी होती. थोडक्यात, गाडी नाक खाली घालत नाही हा तोवर गिऱ्हाइकाला सांगण्यासारखा गुण झाला होता.

बांबूउडी

अँटी-डाइव्हची युक्ती समजून घ्यायला बांबूउडी डोळ्यासमोर आणा. खेळाडू पळत येतो आणि बांबूचं टोक पुढे जमिनीत रोवतो. जमीन त्या टोकाला मागे ढकलते. पण बांबू तिरका असल्यामुळे ते मागे ढकलणं खेळाडूला थांबवतानाच वरही उचलतं. आडव्या बलातून उभं बल निघालं, ते फक्त तिरकेपणामुळे.

गाडीच्या पुढच्या चाकाला धरणारे वरचा आणि खालचा असे दोन बाहू असतात, त्यांना विशबोन म्हणतात. ते चासीला जिथे जोडलेले असतात तिथले सांधे थोडे तिरके बसवले, मागचा सांधा वर आणि पुढचा खाली असे, की बाजूने पाहिल्यावर चाक जणू मागे-वर असलेल्या एका अदृश्य बिंदूला लांब दांडीने बांधल्यासारखं वागतं. ती दांडी म्हणजे आपला बांबू. ब्रेक लावला की रस्ता चाकाला मागे ढकलतो आणि तिरकी दांडी गाडीच्या नाकाला वर उचलते. वरच्या उदाहरणात ब्रेकचं ६५ टक्के बल पुढची चाकं देत असतील, तर साधारण १७ अंशांचा तिरकेपणा नाकाला एक मिलिमीटरही खाली जाऊ देणार नाही. याला म्हणतात १०० टक्के अँटी-डाइव्ह.

वजन कुठे गेलं? कुठेच नाही. १९२ किलो अजूनही पुढच्या चाकांवरच आहेत. फक्त आधी ते स्प्रिंगमधून खाली उतरत होते, आता बाहूंमधून उतरतात. स्प्रिंगला पत्ताच नाही.

मागच्या बाजूला वेग घेताना हेच उलट करायचं. अडकलेली हातगाडी ढकलताना आपण नकळत खालून वर जोर लावतो ना, तसं मागचं चाक गाडीला पुढे ढकलताना थोडं वरही उचलेल असे बाहू लावायचे. हे अँटी-स्क्वॉट.

दांडी कुठल्या बाजूला आहे याने किती फरक पडतो, ते दुचाकीत फार छान दिसतं. व्हेस्पाच्या घराण्यातल्या जुन्या स्कूटरमध्ये, त्यात आपली आकुर्डीची जुनी चेतकही आली, पुढच्या चाकाचा आस सांध्याच्या मागे असतो आणि ब्रेक त्याच छोट्या बाहूवर बसवलेला असतो. पुढे जाणाऱ्या चाकाचा मागचा भाग वर येत असतो आणि पुढचा खाली जात असतो. ब्रेक दाबला की चाक त्या बाहूला आपल्याबरोबर फिरवायला बघतं. आस मागे, म्हणून तो वर येतो आणि स्कूटर नाक खाली घालते. ज्यांनी वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभं राहून प्रवास केलाय त्यांना हे सांगायला नको. याउलट १९५५ ते १९६९ या काळातल्या बीएमडब्ल्यू मोटरसायकलींना अर्ल्स फोर्क असायचा. त्यात आस सांध्याच्या पुढे. पुढचा ब्रेक मारला की त्या मोटरसायकलचं नाक चक्क वर यायचं. ब्रेकचं काम तेच, पण एक वाकते आणि दुसरी छाती काढते.

आता फुकट काहीच मिळत नाही, त्यामुळे अँटी-डाइव्हचेही दोन तोटे आहेत. पहिला, अशा चाकाला उंचवट्यावर चढताना वर जाण्याबरोबर थोडं पुढेही जावं लागतं, म्हणजे ज्या दगडावर आपटतोय त्याच्याच अंगावर जायचं. मागे सरकून धक्का झेलण्याची सोय गेली. दुसरा तोटा असा की ब्रेक लागलेला असताना सगळा भार बाहूंवर आणि त्यांच्या सांध्यांवर येतो, सांधे जड होतात आणि सस्पेन्शन मोकळेपणाने हलेनासं होतं. नेमकं वळणाआधी, जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज असते तिथे. म्हणूनच साध्या गाड्यांत अँटी-डाइव्ह बहुधा ५० टक्क्यांच्या आतच ठेवतात. थोडा नमस्कार राहू देतात.

चॅपमनची पाचर

फॉर्म्युला वनमध्ये हा प्रश्न अचानक जिवंत झाला तो पंखांमुळे. १९६८ मध्ये गाड्यांना उलट्या पंखांसारखे पंख लागले. विमानाचा पंख वर उचलतो, हे खाली दाबतात. त्यातले बरेचसे उंच खांबांवर, थेट चाकांच्या हबवर उभे असत. त्यामुळे गाडीचं अंग पुढे-मागे डुललं तरी पंखाला फरक पडत नसे. पण ते खांब नाजूक होते. ४ मे १९६९ ला बार्सिलोनाच्या मोंजुइक ट्रॅकवर दोन्ही लोटस गाड्यांचे पंख मोडले. ग्रॅहॅम हिल वाचला, योखेन रिंड्ट जखमी झाला. पाठोपाठ मोनॅकोला असे उंच पंख बंद झाले. यापुढे पंख गाडीच्या अंगालाच बसवायचे. म्हणजे गाडी वाकली की पंख वाकणार. आता नमस्कार महाग पडणार होता.

लोटसचा मालक कॉलिन चॅपमन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून तो स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकलेला. त्याने आणि डिझायनर मॉरिस फिलिपने १९७० साठी जी गाडी बनवली ती लोटस ७२. तोवरच्या शर्यतीच्या गाड्या सिगारसारख्या गोल असत. ही पाचरीसारखी होती, पुढे चपटी, मागे चढत गेलेली. नाकातला रेडिएटर काढून दोन्ही बाजूंना दोन ठेवलेले. साध्या स्प्रिंगांऐवजी पिळल्या जाणाऱ्या दांड्या, म्हणजे टॉर्शन बार. आणि पुढचे ब्रेक चाकात नाहीत, तर आत, चासीवर. चाक आणि ब्रेक यांना जोडणारा एक शाफ्ट.

प्रत्येक गोष्टीमागे कारण होतं आणि कारणं एकमेकांत छान गुंतली होती. ब्रेक आत नेले म्हणून चाकं हलकी झाली. हलक्या चाकांना मऊ सस्पेन्शन दिलं की ती रस्त्याला चिकटून राहतात. पण मऊ सस्पेन्शन म्हणजे मोठा नमस्कार, आणि मोठा नमस्कार म्हणजे पाचर आणि पंख दोन्हींचा कोन बिघडणार. मग त्यावर उपाय म्हणून पुढे अँटी-डाइव्ह, मागे अँटी-स्क्वॉट. कागदावर कुठे भोकच नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एखादं सुंदर आर्किटेक्चर डायग्राम पाहिल्यासारखं वाटलं होतं. आणि त्याच क्षणी जरा धास्तीही वाटली. इतकी सुंदर डायग्राम असलेली सिस्टीम पहिल्या दिवशी कशी चालते हे आपल्याला अनुभवाने माहीत असतं.

१९ एप्रिल १९७०, स्पेन, हारामा. लोटस ७२ ची पहिली शर्यत. संघाच्या दोन चालकांपैकी जॉन माइल्सला शर्यतीसाठी पात्रच ठरता आलं नाही. रिंड्टची गाडी थोड्याच फेऱ्यांत बंद पडली. त्याहून मोठी अडचण ही की गाडी काय करते आहे हे चालकाला कळत नव्हतं. ब्रेक लावला की पुढचं सस्पेन्शन आखडायचं आणि हातात, बुडाला काहीच निरोप यायचा नाही. वेग घेताना मागून आतल्या बाजूचं चाक हलकं होऊन सुटायचं.

याचं कारण मला आमच्या हापिसातल्या एका नेहमीच्या प्रकारावरून समजलं. सर्व्हरकडून इशाऱ्यांचे मेसेज फार यायला लागले की कोणीतरी वैतागून ते बंद करतं. स्क्रीन शांत होते, सगळ्यांना बरं वाटतं. सर्व्हरवरचा भार तेवढाच असतो. रिंड्टसारखा चालक टायरची पकड सुटायच्या काठावर ब्रेक मारतो. पुढच्या टायरवर किती वजन आलंय, किती भरभर येतंय, अजून किती झेपेल, याचा हिशोब तो नाक खाली जाण्यावरून करतो. नाक खाली जाणं हा त्याचा मीटर. चॅपमनने वजन थांबवलं नव्हतं, ते थांबवता येतच नाही. त्याने मीटर झाकला होता.

पुढची शर्यत मोनॅकोला, १० मे रोजी. रिंड्टने तिथे जुनीच लोटस ४९ घेतली, आणि शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर जॅक ब्रॅबम घसरला म्हणून तो जिंकला. बेल्जियमलाही त्याच्याकडे ४९ च होती. नवी, इतकी हुशार गाडी असताना चालक तीन वर्षं जुन्या मॉडेलला हात घालतोय, याहून स्पष्ट अभिप्राय कुठला असणार?

मध्यंतरी हेथेलच्या कारखान्यात काम चाललं होतं. आधी मागचं अँटी-स्क्वॉट गेलं, मग पुढचं अँटी-डाइव्ह. ऐकायला सोपं वाटतं, पण बाहूंचे सांधे चासीलाच जोडलेले असतात. त्यांची जागा बदलायची म्हणजे गाडीचा पुढचा भाग जवळजवळ नव्याने बांधायचा. चॅपमनसारख्या माणसाला स्वतःची आवडती कल्पना कापून काढावी लागली. त्याने ती काढली, हे मला त्या डिझाइनइतकंच मोठं वाटतं.

२१ जून १९७०, नेदरलँड्स, झांडफोर्ट. रिंड्ट सुधारलेल्या ७२ मध्ये सगळ्यात पुढून निघाला आणि आरामात जिंकला. त्या दिवशी त्याला आनंद झाला नाही, कारण त्याच शर्यतीत त्याचा मित्र पीअर्स करेज गेला. पण गाडी आता चालत होती. मग फ्रान्स, ब्रिटन, जर्मनी. ओळीने चार शर्यती. फक्त अँटी-डाइव्ह काढल्याने हे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, इतरही सुधारणा चालूच होत्या. पण चालकाला गाडी ऐकू यायला लागली, हे नक्की.

आतले ब्रेक

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं.

रिंड्ट स्वतः गाड्यांच्या नाजूकपणावर बोलत आला होता. मोंजुइकच्या अपघातानंतर त्याने पंखांविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं होतं. चॅपमनलाही त्याने लिहून कळवलं होतं की गाड्या एवढ्या वेगवान आहेत, की कमकुवत भाग मजबूत करायला थोडं वजन वाढलं तरी आपण पुढेच राहू.

५ सप्टेंबर १९७०, इटली, मोंझाचा सराव. सरळ रस्त्यावर वेग मिळावा म्हणून रिंड्टच्या गाडीचे पंख काढलेले होते. पॅराबोलिका वळणाआधी त्याने ब्रेक लावला आणि गाडी एकदम बाजूला ओढली जाऊन कठड्यावर आदळली. पुढच्या उजव्या ब्रेकचा शाफ्ट तुटला होता. कठडाही नीट बसवलेला नव्हता. रिंड्ट वाचला नाही. तो २८ वर्षांचा होता. माझंही वय आता तिथेच आलंय, म्हणून कदाचित हा परिच्छेद लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

या शाफ्टचा अँटी-डाइव्हशी थेट संबंध नाही. अँटी-डाइव्ह तोवर काढून टाकलेलं होतं. पण वर मी जे वाक्य लक्षात ठेवायला सांगितलं होतं, ते इथे परत येतं. बल नाहीसं होत नाही, वाट बदलतं. ब्रेक चाकात असतो तेव्हा तो चाकाला तिथल्या तिथे धरतो. ब्रेक आत नेला की तेच सगळं पिळणारं बल एका शाफ्टमधून जायला लागतं. चाक हलकं झालं हा फायदा रोज दिसत होता. नव्या वाटेवरचा तो एक दुवा किती भार सोसतोय, हे मात्र दिसत नव्हतं.

मोसमाच्या शेवटी रिंड्टचे ४५ गुण होते. जॅकी इक्सला ते गाठायची संधी होती. ४ ऑक्टोबरला अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनची शर्यत लोटसच्या एमर्सन फिटिपाल्डीने जिंकली. त्याची ती फॉर्म्युला वनमधली चौथीच शर्यत होती. इक्स ४० वर थांबला. मरणोत्तर विश्वविजेता ठरलेला रिंड्ट हा फॉर्म्युला वनच्या इतिहासातला एकमेव चालक आहे. लोटस ७२ पुढे १९७५ पर्यंत धावत राहिली, २० शर्यती जिंकली, आणि १९७२ मध्ये फिटिपाल्डीही तिच्यातच विश्वविजेता झाला.

पुन्हा तोच प्रश्न

नमस्कार थांबवण्याची हौस मात्र गेली नाही. भूमितीने जमलं नाही तर कॉम्प्युटरने, असं म्हणत लोटसनेच ऐंशीच्या दशकात सक्रिय सस्पेन्शन आणलं. हायड्रॉलिक जॅक गाडीला सपाट धरून ठेवायचे. १९८७ मध्ये आयर्टन सेनाने अशा लोटसमध्ये मोनॅको आणि डेट्रॉइट जिंकलं. १९९२ मध्ये विल्यम्सच्या गाडीने नायजेल मॅन्सेलला नऊ विजय आणि विजेतेपद दिलं. १९९४ च्या मोसमापासून त्यावर बंदी आली.

मग २०२२ मध्ये नियम बदलले. गाडीच्या तळाखालून हवा खेचून पकड मिळवायची पद्धत परत आली, आणि तळ रस्त्यापासून किती उंच आहे यावर सगळं ठरू लागलं. नाक जरा खाली गेलं तरी हिशोब बिघडतो. त्यातच सस्पेन्शनमधल्या अनेक हायड्रॉलिक करामतींनाही बंदी. उरलं काय? दांड्यांचे कोन. त्या वर्षीच्या रेड बुलच्या पुढच्या बाहूंचा तिरकेपणा नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. ती गाडी २२ पैकी १७ शर्यती जिंकली. म्हणजे चॅपमनची कल्पना चुकीची नव्हती. नमस्काराची किंमत त्याच्या निरोपापेक्षा जास्त झाली की ती परत येते.

आणि ही गोष्ट फक्त शर्यतीची नाही. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ज्या इलेक्ट्रिक गाड्या वाढतायत, त्यांच्यात ७२ चा एक अंश आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर जनरेटर बनून गाडीला थांबवते. ही मोटर चाकात नसते, चासीवर असते, आणि तिचं बल शाफ्टमधून चाकाला जातं. म्हणजे हे आतले ब्रेकच झाले! चाकातला ब्रेक लागतो तेव्हा बांबूचं खालचं टोक जमिनीवर धरायचं, आतला ब्रेक लागतो तेव्हा चाकाच्या केंद्राशी. तो अदृश्य बिंदू चाकाच्या दोन मीटर मागे आणि ४० सेंटिमीटर उंचीवर असेल आणि चाकाचं केंद्र ३० सेंटिमीटरवर, तर पहिल्या वेळी चढ दोन मीटरला ४० सेंटिमीटर, दुसऱ्या वेळी दोन मीटरला फक्त १०. अँटी-डाइव्ह एकदम चौथाईवर. त्यामुळे पुढे मोटर असलेली गाडी तेवढाच वेग कमी करताना मोटरने थांबली तर वेगळं वाकते आणि चाकातल्या ब्रेकने थांबली तर वेगळं. डिझाइन करणाऱ्याला दोन्ही सांभाळावं लागतं.

काल संध्याकाळी परत त्याच चौकात पाच मिनिटं उभा होतो. एक कॅब आली, मस्तपैकी वाकली, डुलून सरळ झाली. मागच्या सीटवरचा माणूस मोबाइलमध्ये बघत होता, त्याने मान वर केली नाही. पण ड्रायव्हरचं शरीर त्या वाकण्याबरोबर पुढे गेलं होतं आणि गाडी थांबायच्या जरा आधी त्याने पाय हलकेच सैल केला, म्हणून ती डुलली नाही फारशी. त्याला हे कोणी शिकवलं नसणार. गाडीनेच सांगितलं असेल.